'द ओमेन' (१९७६): आकड्याहून वेदीची भीती मोठी

रोममधल्या इस्पितळात अमेरिकी मुत्सद्दी रॉबर्ट थॉर्नला सांगतात, तुमचं बाळ गेलं. तिथला धर्मगुरू त्याच रात्री जन्मलेलं एक पोरकं मूल दाखवतो आणि सुचवतो, बायकोला कळायची गरज नाही. थॉर्न ते मूल घेतो, बायकोच्या मायेपोटी. रिचर्ड डॉनरच्या या सिनेमात सैतानाला घरात वाट मिळते ती एका प्रेमळ नवऱ्याच्या खोट्याने, आणि म्हणूनच तो माझा सर्वांत आवडता भयपट आहे.

बायबल मी लहानपणापासून वाचत आले आहे, त्यामुळे असे सिनेमे त्यातून काय उचलतात याकडे माझं लक्ष असतंच. ६६६ ही संख्या प्रकटीकरणाच्या १३ व्या अध्यायातली, श्वापदाची. ख्रिस्तविरोधी योहानाच्या पत्रांतला. पटकथाकार डेव्हिड सेल्ट्झरने दोघांना एक केलं. तसं मानणारे पुष्कळ आहेत, चालेल. पण हे मूल सैतानाचं आहे असं बजावणारा धर्मगुरू फादर ब्रेनन थॉर्नला जे यमक जुळवलेलं भाकीत ऐकवतो, ते बायबलमध्ये कुठेच नाही. ते शास्त्रवचन म्हणून पुढे केलेलं मला खटकतं.

खरा बायबलचा धागा वेगळाच आहे. (आता शेवट सांगते आहे, सिनेमा पाहिला नसेल तर हा परिच्छेद आणि पुढचा सोडा.) थॉर्न सात सुरे घेऊन त्या घेतलेल्या मुलाला, पाच वर्षांच्या डेमियनला, मारायला चर्चच्या वेदीपाशी ओढत नेतो. उत्पत्तीच्या २२ व्या अध्यायात अब्राहाम आपल्या मुलावर, इसहाकावर, सुरा उगारतो, तेव्हा परमेश्वराचा दूत त्याला थांबवतो. इथे पोर गयावया करतं, बाप देवाची मदत मागतो, आणि थांबवते ती पोलिसाची गोळी. अब्राहामाशी देव स्वतः बोलला होता. थॉर्नजवळ काय आहे? एका भेदरलेल्या धर्मगुरूचं बोलणं, छायाचित्रांवरच्या विचित्र रेघा, इटलीतल्या एका कबरीतली हाडं. एवढ्यावर बापाने सुरा उचलावा? मला मुलगा आहे, आणि तो प्रसंग मला अजूनही धड बघवत नाही. थॉर्न झालेल्या ग्रेगरी पेकचा चेहरा तिथे पार खचलेला दिसतो.

माझी तक्रार इथेच आहे. शिंगंवाला सैतान सिनेमाभर कुठे दिसत नाही. ब्रेननवर चर्चच्या छतावरचा गज कोसळतो, बाहेर वादळ असतं. ट्रकचा हँडब्रेक सुटतो आणि काच निसटते. थॉर्नची बायको कॅथरीन कठड्यावरून पडते, कारण डेमियनची सायकल तिच्या स्टुलाला धडकते. यातली प्रत्येक घटना अपघात म्हणून खपू शकते, आणि थॉर्न वेडा झालाय की काय ही शंका टिकून राहते. मग तो झोपलेल्या मुलाचे केस कापतो आणि खाली ६६६ ची खूण निघते. शंका संपली! ती खूण आपल्याला दाखवली नसती, फक्त पेकचा चेहरा दाखवला असता, तर वेदीवरचा तो सुरा आपल्याही हातात आला असता.

जेरी गोल्डस्मिथचं संगीत चांगल्या स्पीकरवर किंवा हेडफोन लावून ऐका. लॅटिनमधला तो कोरस चर्चमधल्या मिस्सा या उपासनेचे शब्द उलटे फिरवतो. गोल्डस्मिथला आयुष्यात एकदाच ऑस्कर मिळालं, ते याच सिनेमासाठी. बिली व्हाइटलॉची मिसेस बेलॉक, म्हणजे डेमियनला सांभाळणारी बाई, हळू आवाजात बोलते तेव्हाच जास्त भीती वाटते. डेमियन झालेल्या छोट्या हार्वे स्टीफन्सला संवाद अगदी मोजके आहेत, हे फार शहाणपणाचं केलं. प्राणिसंग्रहालयातली माकडं गाडीवर तुटून पडतात तो प्रसंग मात्र लहान मुलांसोबत पाहू नका. खरं तर हा सिनेमाच त्यांच्यासाठी नाही.

२००६ मध्ये याचीच नवी आवृत्ती आली, पटकथेवर नाव पुन्हा सेल्ट्झरचंच. प्रसंग जवळपास तेच, पण लिव्ह श्रायबरच्या थॉर्नमध्ये पेकचं ते मोडून पडणं नाही. एकच पाहणार असाल तर १९७६ चा पाहा.