रांगोळीचे आडवे व्हिडिओ आणि लॉसलेसकट: काही महिन्यांच्या वापरानंतर

फोनवरचा आडवा पडलेला व्हिडिओ सरळ करायला काय वापरावं, एवढंच हवं असेल तर लॉसलेसकट हे सॉफ्टवेअर घ्या. संगणकावर चालतं, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर, आणि गिटहब या सॉफ्टवेअर ठेवायच्या साइटवरून उतरवलं तर फुकट आहे. व्हिडिओ टीव्हीवर दाखवायचे असतील तर मात्र खालचंही वाचा, कारण माझं मत मध्यंतरी बदललं होतं.

मी ठाण्यात नौपाड्यात रांगोळीचे वर्ग घेते. रांगोळी वरूनच शूट करावी लागते. स्टँडला फोन आडवा टांगायचा, कॅमेरा थेट जमिनीकडे. नेमकी हीच गोष्ट फोनला झेपत नाही. गुरुत्वाकर्षण कुठल्या कडेकडे ओढतंय यावरून फोन स्वतः उभा आहे की आडवा ते ओळखतो. तो जमिनीला समांतर धरला की ती ओढ पडद्याच्या आरपार जाते, कुठल्याच कडेला लागत नाही, आणि फोन आधीची दिशा धरून बसतो. रेकॉर्डिंग सुरू होताना जी दिशा धरली तीच फाइलला चिकटते. मध्येच फोन वळवून उपयोग नाही. ऑटो रोटेट बंद करूनही माझ्या फोनवर फरक पडला नाही, कॅमेरा आपलं वेगळंच ठरवतो.

ठिपक्यांच्या रांगोळीत हे पटकन कळतही नाही, आकृती बहुधा चारही बाजूंनी सारखीच असते. हात खालून यायच्या ऐवजी भिंतीतून आल्यासारखा डावीकडून येतो तेव्हा लक्षात येतं. गणपती काढला असेल तर तो कुशीवर झोपलेला दिसतो, आणि असा व्हिडिओ वर्गातल्या मुलींना पाठवायला मला अजिबात आवडत नाही.

आधी मी व्हिडिओ फिरवायला फोनवरचं एक ॲप वर्षाचे पैसे भरून वापरत होते. नाव लिहीत नाही. यंदा पाडव्याच्या आधी, कौपिनेश्वराच्या देवळाहून निघणाऱ्या स्वागतयात्रेसाठी आमची तयारी चालू असताना, त्याचे पैसे आपोआप कापले गेले आणि त्याच आठवड्यात प्रत्येक व्हिडिओच्या कोपऱ्यात त्यांचा शिक्का येऊ लागला. तक्रार केली तर उत्तर आलं, "कृपया कॅशे क्लिअर करा." केलं. पुन्हा तेच उत्तर. पावतीचा फोटो पाठवला, पुन्हा तेच. पैसे परत मागितल्यावर तर उत्तरंच थांबली. शेवटी यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागात जाऊन मी तो आदेशच रद्द केला. तुमच्याही फोनवर असं काही चालू असेल तर आजच तिथे जाऊन बघा. पैसे कापण्याच्या किमान एक दिवस आधी सूचना यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण ती सूचना इतर मेसेजच्या ढिगात जाते.

शिक्क्यापेक्षाही मला दुसरी गोष्ट जास्त खुपत होती, आणि त्यावर कुणी बोलत नाही. ते शिक्क्याचं ॲप व्हिडिओ फिरवताना पूर्ण चित्र नव्याने एन्कोड करतं, म्हणजे उलगडून पुन्हा दाबून साठवतं. प्रत्येक वेळी थोडा थोडा तपशील जातो. चिमटीतून पांढरी रेघ सुटते तेव्हा तिच्या दोन्ही कडांना चार कण सांडतात. हात किती उंचावर आहे, चिमूट किती सैल आहे, हे शिकणाऱ्याला त्या सांडलेल्या कणांवरून कळतं. ॲपमधून निघालेल्या व्हिडिओत तिथे कण दिसत नाहीत, खडूने ओढल्यासारखी सपाट पट्टी दिसते. गेरूच्या लाल जमिनीवर तर चौकोन चौकोन उमटतात. गूगल फोटोजमध्ये एडिट, क्रॉप, फिरवायची खूण आणि मग प्रत सेव्ह, हेही करून बघितलं. काम सोपं आहे, पण दुसरी प्रत तयार होते, कडा तिथेही मऊ पडल्या, आणि पंधरा जीबीची फुकट जागा आधीच भरत आलेली.

लॉसलेसकट चित्राला हातच लावत नाही. फाइलमध्ये व्हिडिओबरोबर एक छोटी नोंद असते, हे चित्र दाखवताना इतके अंश फिरवा अशी. कुरिअरच्या खोक्यावर 'ही बाजू वर' असं स्टिकर असतं, तसंच. लॉसलेसकट फक्त ते स्टिकर बदलतं. फाइल उघडायची, खाली फिरवण्याच्या खुणेवर क्लिक करत हवा तो कोन आणायचा, ९०, १८० किंवा २७०, आणि एक्स्पोर्ट. पाऊण तासाचा वर्गही बघता बघता होतो, कारण फाइल नुसती कॉपी व्हायची असते. मूळ फाइल जागेवर तशीच राहते. पहिल्यांदा केलं तेव्हा मी व्हिडिओ थांबवून मोठा करून बघितला. कण जिथल्या तिथे होते. आतमध्ये एफएफएमपेग हे व्हिडिओवर काम करणारं, आज्ञा लिहून चालवायचं फुकट साधन आहे, त्यामुळे ज्यांना काळ्या खिडकीत आज्ञा लिहिता येतात त्यांना हे वेगळं घ्यायची गरज नाही. मला बटण हवं होतं.

मुलींना व्हॉट्सॲपवर मी व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून पाठवते. व्हिडिओ म्हणून पाठवला तर व्हॉट्सॲप तो पुन्हा दाबतं आणि सगळी मेहनत वाया. डॉक्युमेंट म्हणून गेलेली फाइल सगळ्यांच्या फोनवर सरळ दिसली. संगणकावर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअरही ही नोंद पाळतो, २०१५ च्या २.२ आवृत्तीपासून.

इथवर मी सगळ्यांना सांगत सुटले होते की दुसरं काही घेऊच नका. मग सोसायटीच्या कार्यक्रमात हॉलमधल्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावला आणि गणपती पुन्हा कुशीवर. सेक्रेटरी काका म्हणाले, "ताई, तुम्ही तर सरळ करून आणला होता ना?" आणला होताच. पण बऱ्याच टीव्हींच्या यूएसबी प्लेअरना ती नोंद वाचताच येत नाही. स्टिकर बदलून काय होणार, उचलणारा बघतच नसेल तर. जुन्या विंडोज मीडिया प्लेअरचीही तीच गत.

म्हणून माझं आताचं मत असं आहे. फोन, संगणक आणि साठवणीसाठी लॉसलेसकट, डोळे मिटून. टीव्हीसाठी चित्र खरोखरच फिरवावं लागतं, त्याला हँडब्रेक हे व्हिडिओ नव्याने एन्कोड करणारं सॉफ्टवेअर वापरते. तेही फुकट आहे. डायमेन्शन्सच्या पानावर फिरवण्याची सोय आहे आणि क्वालिटीची पट्टी स्वतःच्या हाताने ठरवता येते. त्या पट्टीवरचा आरएफ नावाचा आकडा जितका कमी तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. मी १८ ठेवते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर लांब वर्गाला बराच वेळ लागतो, रात्री लावून झोपते. हे मात्र नेहमी मूळ फाइलवरूनच करा, एकदा एन्कोड झालेल्या प्रतीवरून नको.

लॉसलेसकटमधली एक गोष्ट अजून त्रास देते. सुरुवातीचा स्टँड हलवण्याचा भाग कापायला गेलं की ते हवं तिथून नाही, तर त्याआधीच्या कीफ्रेमपासून, म्हणजे फाइलमध्ये मधूनमधून पूर्ण साठवलेल्या चित्रापासून, कापतं. एन्कोड न करता कापायचं म्हटल्यावर दुसरा मार्ग नाही हे समजतं, तरी माझी कोपरं एखादा क्षण दिसतातच. आणि फोनवर ते चालत नाही. ज्यांच्याकडे संगणकच नाही त्यांना मी गूगल फोटोजच सांगेन, निदान शिक्का तरी येत नाही.

रेकॉर्डिंगच्या आधी फोन उभ्या भिंतीसमोर आडवा धरा, पडद्यावरच्या खुणा आडव्या झाल्याची खात्री करा, लाल बटण तिथेच दाबा आणि मग स्टँडला टांगा. सुरुवातीचा भाग वाया जातो, पण फिरवायची वेळच येत नाही. माझे बरेचसे वर्ग आता असेच होतात. त्या ॲपचे पुढच्या वर्षीचे पैसे वाचणार आहेत, त्यातून लॉसलेसकटची मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरची विकतची प्रत मी घेतली आहे. फुकटची चालत होती तरीही, कारण ते पैसे ज्याने हे बनवलं त्याच्याकडे जातात.