पंचेचाळीस हजारात पीसी जोडायचाय? दोन दुकानांची दोन कोटेशनं शेजारी ठेवून बघू

दाजींचा फोन आला, "अरे दोन दुकानातनं कोटेशन आणलंय, एकजण साडेबत्तीस म्हणतोय, एकजण साडेअडतीस, अन् दोघंबी म्हणतात आमचंच भारी, तू ये आणि काय ते सांग." गेलो. चहा पिता पिता दोन्ही चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या, वर शेंगदाणा चटणीची बरणी ठेवली कारण पंख्यानं उडत होत्या, आणि दोन तास त्यातच गेले. सध्या बरेच जण हाच घोळ घालतायत म्हणून सगळं लिहूनच काढतोय.

आधी पीसी कशासाठी ते बघा, नाहीतर तुलनेला अर्थच नाही. दाजींचा सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, म्हणजे जॅकार्डची (विणकामातल्या नक्षीची) डिझाईनं आणि टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर). भाची बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला, तिला अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) चालवायचंय, आणि "मामा, संध्याकाळी थोडा व्हॅलोरंट गेम पण" हे तिनं दाजी आत गेल्यावर हळूच सांगितलं. बजेट ४५ हजार, त्यात मॉनिटर पण आला. यूपीएस जुना आहे, फक्त बॅटरी बदलायची.

पहिली चिठ्ठी, साडेबत्तीसची. इंटेलचा कोअर आय३-१२१००एफ प्रोसेसर, एच६१० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, २५६ जीबीचा साटा एसएसडी (साठवणीचा, जुन्या जोडणीचा), आरएक्स ५८० सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड, आणि "गेमिंग कॅबिनेट एसएमपीएससहित", म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा आतच. त्या कॅबिनेटला चार रंगीत पंखे, पुढं काच.

दुसरी, साडेअडतीसची. एएमडीचा रायझेन ५ ५६००जी प्रोसेसर, ए५२० बोर्ड, ८-८ च्या दोन पट्ट्या म्हणजे १६ जीबी, ५०० जीबी एनव्हीएमई (जास्त वेगाचा एसएसडी), ४५० वॅटचा ब्रॉन्झवाला (वीज कमी वाया घालवतो असं प्रमाणपत्र असलेला) एसएमपीएस वेगळा, साधं जाळीचं कॅबिनेट. ग्राफिक्स कार्ड नाही. दाजींचा पहिला प्रश्न हाच, "सहा हजार जास्त देऊन कार्डच नाही, हे कसलं बे?"

प्रश्न चुकीचा नाही. नुसता गेम खेळायचा असेल तर पहिल्या चिठ्ठीतलं कार्ड ५६००जीच्या आतल्या वेगा ग्राफिक्सला आरामात मागं टाकतं, यात वादच नाही. पण चिठ्ठीवर नुसतं "५८०" लिहिलं होतं, फोटो मागवला तर ते निघालं २०४८एसपी. मूळ आरएक्स ५८० ला २३०४ शेडर (चित्र काढणारे छोटे भाग) असतात, हे २०४८ वालं म्हणजे आतून खालचं मॉडेल ५७० च, वर स्टिकर ५८० चं. शिवाय यातली बरीच कार्डं मायनिंगला (क्रिप्टो नाणी काढायला) वर्ष-वर्ष रात्रंदिवस पळवलेली असतात. मूळ मॉडेल २०१७ चं, वॉरंटी किती विचारली तर "एक महिना टेस्टिंग". आठ हजार रुपयाच्या कार्डाला एक महिना!

आता प्रोसेसर. इथं लोक आय३ ऐकून नाक मुरडतात आणि ते चूक आहे. १२१०० हा चार कोर आठ थ्रेडचा (कोर म्हणजे काम करणारे हात, थ्रेड म्हणजे एकावेळी चालणारी कामं), पण त्याचा एकेक कोर ५६००जीच्या एका कोरपेक्षा दमदार आहे. टॅली, एक्सेल, डिझाईनचं टूडी सॉफ्टवेअर असली कामं जास्त करून एका कोरवरच चालतात, तिथं आय३ कुठंच कमी पडणार नाही. ५६००जीला सहा कोर बारा थ्रेड. एमुलेटर (पीसीवरचा नकली मोबाइल) चालू, स्टुडिओ ॲप बिल्ड करतोय, ब्राउझरला वीस टॅब, मागं गाणी, असलं सगळं एकदम चाललं की ते जास्तीचे दोन कोर कामाला येतात. म्हणजे फक्त दाजींसाठी घेतला असता तर मी आय३ च म्हणालो असतो, भाची आली म्हणून पारडं फिरलं.

पण आय३ म्हणजे कुठला, हे नीट वाचा. १२१०० आणि १२१००एफ यात एका अक्षराचा फरक. एफवाल्यात ग्राफिक्स नसतं. कार्ड उद्या मेलं तर मदरबोर्डच्या एचडीएमआयला वायर लावून उपयोग नाही, स्क्रीन काळीच राहणार, आणि कारखान्याचं जीएसटी रिटर्न भरायचं त्याच दिवशी कार्ड मरतं हा माझा अनुभव. साध्या १२१०० मधे यूएचडी ७३० आहे, गेमला फार काही नाही पण काम थांबत नाही. एएमडीच्या, म्हणजे रायझेनच्या, या पिढीत उलटं, शेवटी जी असेल तरच ग्राफिक्स. रायझेन ५ ५५०० किंवा ५६०० स्वस्त दिसले म्हणून उचलू नका, त्याला वेगळं कार्ड लागतंच.

५६००जी वर पण आंधळं प्रेम नको. २०२१ चा माल आहे, कॅशे म्हणजे आतली झटपट मेमरी १६ एमबी (साध्या ५६०० ला ३२), आणि पीसीआयई (कार्ड, एसएसडी जोडायचा रस्ता) तिसऱ्या पिढीची. आता गंमत बघा, दुसऱ्या दुकानदारानं आधी बी५५० बोर्ड दाखवला होता, चौथ्या पिढीचा स्पीड मिळतो म्हणून. अहो प्रोसेसरच तिसऱ्या पिढीपर्यंत देतो तर बोर्ड कुठनं चौथी आणणार? त्याच्यासाठी जास्तीचे पैसे कशाला. ए५२० पुरेसा आहे, ६५ वॅटचा प्रोसेसर तो निवांत सांभाळतो. पुढं आठ कोरचा टाकायचा पक्का बेत असेल, रॅमला चार खाचा हव्या असतील तर बी५५० बघा. आणि बोर्ड दुकानात पडून राहिलेला असला तर ५६००जीसाठी बायॉस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलंय का ते विचारा, नाहीतर घरी आणून चालूच होत नाही आणि आपण उगं रॅम काढ घाल करत बसतो.

एच६१० चं म्हणाल तर बोर्ड वाईट नाही, पुढं १३व्या-१४व्या पिढीचा प्रोसेसर बसतो त्यावर. एवढंच की तो डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारात येतो, एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही, म्हणून बिलावर पूर्ण मॉडेल लिहून घ्या.

रॅमवर जरा थांबतो. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव असे चढले की विचारू नका, सगळा माल एआयच्या डेटा सेंटरांना चाललाय, आपल्यासारख्यांना उरलंसुरलं. वर्षापूर्वी १६ जीबी डीडीआर४ ची जी जोडी तीन-साडेतीन हजारात यायची ती दुसऱ्या चिठ्ठीत दहा हजाराला आहे. त्यामुळं पहिल्या दुकानदाराचं "आता ८ टाका, नंतर वाढवू" हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, आणि वेगळं कार्ड असलेल्या पीसीत ते एकवेळ चालेलही. ५६००जीत अजिबात चालणार नाही. त्याच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, रॅममधूनच उसनी घेतो. एक पट्टी म्हणजे एकच रस्ता, त्यावरनं प्रोसेसर पण जाणार आणि ग्राफिक्स पण, आमच्या सात रस्ता चौकात संध्याकाळी सहाला गर्दी होते तसं. दोन पट्ट्या लावल्या की फरक नुसत्या डोळ्याला दिसतो. लावल्यावर बायॉसमधे जाऊन एक्सएमपी (रॅमला पूर्ण वेग देणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २४०० नाहीतर २६६६ वर पळत बसते आणि वर्षभर कुणाला पत्ता नसतो.

एसएसडीचं पटकन. साटाचा वेग सेकंदाला ५५० एमबीपर्यंत जातो, एनव्हीएमईचा तीन हजार एमबीच्या आसपास, कागदावर जमीन-अस्मान, रोजच्या वापरात तेवढं जाणवत नाही. जुन्या हार्डडिस्कवरनं कुठल्याही एसएसडीवर आलात की खरा धक्का तिथं. मग महत्त्वाचं काय, तर जागा. २५६ मधे विंडोज, स्टुडिओ, एमुलेटर आणि एक गेम टाकला की लाल पट्टी दिसायला लागते. म्हणून ५००.

आता ज्यासाठी एवढं सगळं लिहितोय ते. एसएमपीएस. कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस फुकट नसतो हो. माझ्या आधीच्या पीसीत असाच होता, वर "५०० वॅट" छापलेलं, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. मे महिन्यात दुपारी लाईट गेली, पाच मिनिटात आली, परत गेली, परत आली, आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा मागनं फट् करून आवाज आणि जळक्या वायरचा वास. एसएमपीएस गेलाच, जाताना मदरबोर्ड घेऊन गेला. हजार रुपये वाचवले होते, सहा हजाराला पडले. पहिल्या चिठ्ठीत तर असल्या डब्यावर दीडशे वॅटच्या आसपासचं सेकंडहँड कार्ड चालवायचंय. दुकानदाराला म्हटलं एसएमपीएस वेगळा चांगला द्या, तर म्हणे "घ्या की ओ, काय होत नाही, इतके विकलेत." ब्रॉन्झवाला ५०० वॅटचा धरला आणि रॅम १६ केली की ती साडेबत्तीसची चिठ्ठी चाळीसच्या वर जाते, स्वस्तपणा तिथंच संपला.

दुसऱ्या चिठ्ठीतला सेट फुल लोडवर पण साधारण शंभर-सव्वाशे वॅटच ओढतो, त्यामुळं ४५० वॅटमधे पुढं एखादं ७५ वॅटच्या आतलं कार्ड टाकायलाही जागा आहे, आणि कारखान्यातला ६०० व्हीएचा यूपीएस बॅटरी बदलून टॅली सेव्ह करण्याइतका वेळ निवांत देतो.

कॅबिनेटबद्दल मात्र सोलापूरचं वेगळंच आहे, पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून ठरवू नका. उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीस, वर पत्रा, आणि कारखान्यात हवेत सुताची लव. पुढं काच असलेलं कॅबिनेट घेतलं तर आत हवा जात नाही, जाळीचं घेतलं तर लव जाते. दाजींचा जुना पीसी उघडला तेव्हा कुलरची पातीच दिसत नव्हती, पंखा आणि ॲल्युमिनियमच्या मधे लव बसून बसून नमद्यासारखा थर झाला होता, नखानं कडेला उचकटला तर अख्खा गोल पापुद्रा निघाला, पंख्याच्या मापाचा, मधे भोक असलेला. दाजी म्हणतात "ह्याच्यात एक रुमाल निघंल." तरी मी जाळीचंच घ्या म्हणतो, कारण लव ब्लोअरनं निघते, कोंडलेली गरमी निघत नाही. आतून काढता येणारी फिल्टरची जाळी आहे का बघा, कॅबिनेट जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवा, पंधरा दिवसातनं एकदा ब्लोअर, पंखा बोटानं धरून मारा.

मधेच दाजींच्या मित्रानं तिसरा पर्याय सोडला, ऑफिसातनं निघालेला रिफर्बिश्ड (वापरलेला, नीट करून विकलेला) आय५, बारा हजारात. नुसत्या टॅलीला हा पर्याय खरंच वाईट नाही, पण पिढी बघा. चौथ्या पिढीचा आय५ बाजारात ढिगानं पडलाय, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासनं पुढंच अधिकृत चालतं. आठवी किंवा वरची मिळाली तर विचार करा. फक्त त्या छोट्या डब्यांचा एसएमपीएस आणि बोर्ड बऱ्याचदा त्यांच्याच मापाचे असतात, बाजारातला बसत नाही.

घ्यायचं कुठनं? ऑनलाइन आणि पुण्याचे भाव थोडे कमी पडतात हे खरंय, सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाऊन संध्याकाळी हुतात्मानंच सामान घेऊन येणारी पोरं मला माहितीयत. मी इथलंच घेतलं, कारण एकदा माझी रॅम बिघडली तेव्हा दुकानदारानंच ती पुण्याला पाठवली, तीन आठवडे लागले पण मला कुठं जावं लागलं नाही. एकच अट, पक्कं बिल. कच्च्या बिलात १८ टक्के जीएसटी वाचल्यासारखा वाटतो, पण दाजींचा जीएसटी नंबर आहे, कारखान्याच्या नावानं घेतला तर त्या जीएसटीचं क्रेडिट तर मिळतंच वर. बिलावर प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि प्रोसेसर सीलबंद डब्यातला घ्या. डब्यातल्याला तीन वर्षं वॉरंटी असते आणि या दोन्ही प्रोसेसरसोबत कुलर पण येतो, सुट्या, बिनडब्याच्या ट्रेवाल्यात यातलं काय मिळेल ते दुकानदाराच्या मर्जीवर. आणि "विंडोज टाकून देतो" याला नको म्हणा, क्रॅक केलेल्या विंडोजवर कारखान्याचा हिशोब ठेवायचा म्हणजे तिजोरीला दोरीची कडी.

तर घेतली दुसरी चिठ्ठी. साडेअडतीसचा सेट, सात हजाराचा २२ इंची आयपीएस मॉनिटर, यूपीएसची बॅटरी नऊशे, एकूण ४६,४००, म्हणजे चौदाशे वर गेलं, ते भाचीनं "मी क्लासला सायकलनं जाते" म्हणून दाजींकडनं पास करून घेतलं. तुमच्या घरी कॉलेजचा पोरगा असेल आणि त्याला गेमशिवाय काही करायचंच नसेल तर तुम्ही पहिल्या चिठ्ठीच्या वाटेनं जा, पण सेकंडहँडऐवजी वॉरंटीचं कार्ड घ्यायला थोडे महिने थांबा. तोवर साधा १२१०० घ्या, एफ नको, आणि एसएमपीएस पहिल्या दिवसापासनं चांगला टाका.

परवा बघायला गेलो तर पीसी चालू, भाची बिल्ड लावून जेवायला गेलेली, आणि कॅबिनेटवर धूळ बसू नये म्हणून दाजींनी कारखान्यातला नवाकोरा टर्किश टॉवेल चारी बाजूनं नीट गुंडाळलेला. हात लावला तर इस्त्रीसारखा गरम. "दाजी, बंद असताना टाका ओ," म्हणून काढून खुर्चीवर ठेवला.