यूएक्स शिकवताना आधी कागद की थेट टूल?

यूएक्सचा, म्हणजे ॲप-वेबसाइट माणसांना सहज वापरता येतील अशा कशा घडवायच्या याचा, वर्ग घ्यायचा आणि लेक्चर कमी, हातानं काम जास्त, असं ठरवलं की पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न उभा राहतो. मुलांच्या हातात स्क्रीन काढायला कागद आणि स्टिकी नोट द्यायच्या, की लॅपटॉपवरच्या टूलमध्ये प्रोटोटाइप, म्हणजे क्लिक करता येणारा नमुना, करायला बसवायचं? मी दोन्ही तऱ्हांनी शिकवलंय.

टूलच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. मुलं त्यासाठीच तर फी भरतात. इंटरव्ह्यूत कागदाचे फोटो दाखवून भागत नाही. ऑनलाइन बॅच असेल तर कागदाचा विषयच संपला. शिवाय कीबोर्ड उघडला की अर्धी स्क्रीन झाकली जाते, असल्या गोष्टी कागदावर लक्षातच येत नाहीत.

माझं मत फिरलं ते एका बारीकशा कटकटीमुळे. वर्गाला काम दिलं होतं एसटीच्या आरक्षणाचं: आई आणि ऐंशीच्या आजी, दोघींची तिकिटं एकदम काढायची. महिलांना 2023 पासून भाड्यात 50 टक्के सवलत, आणि पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना भाडं माफ. मग आधी विचारायचं काय, वय की सवलतीचा प्रकार? सगळी गोम इथेच.

मुलांनी आधी टूलमध्ये नमुना केला आणि टेस्टिंगला शेजारच्या काकूंना बसवलं. त्यांनी भलतीकडेच क्लिक केलं. आता, आम्ही वापरलेल्या टूलमध्ये चुकीच्या जागी क्लिक केलं की जिथे क्लिक चालतं त्या चौकटी क्षणभर निळ्या चमकतात. काकूंनी निळं पाहिलं, तिथे दाबलं आणि गेल्या पुढे. मुलांनी वहीत लिहिलं, 'अडचण आली नाही.' पेपरात उत्तरं छापून दिल्यासारखंच की हे! सेटिंगमध्ये जाऊन ती खूण बंद करता येते, मान्य. पण मुलं हमखास विसरतात. आणि बंद केली तर चुकीच्या क्लिकनंतर काहीच हलत नाही. समोरच्याला वाटतं, हँग झालं.

तेच काम कागदावर. एक मुलगा 'कॉम्प्युटर' होतो: बोलायचं नाही, बोट पडेल तसा कागद बदलायचा. काकूंनी बोट ठेवलं थेट आजींच्या नावावर. त्यासाठी कागदच केलेला नव्हता! 'कॉम्प्युटर' पानं उलटत बसला. काकू म्हणाल्या, "अरे, वय इथंच विचार ना, खाली कशाला पाठवतोस मला?" एका मुलीनं स्टिकीवर वयाचा रकाना काढून तिथल्या तिथे चिकटवला, आणि पुढच्या माणसासमोर सुधारलेला कागद गेला. पाच जणांवर तपासा, दुरुस्त करा, पुन्हा तपासा, हा यूएक्समधले जाणकार याकोब नील्सन यांचा 2000 सालचा सल्ला एका दुपारीत पाळता येतो तो असा. टूलमध्ये तीच दुरुस्ती करायला बसलेली मुलं बटणाचे कोपरे गोल करण्यात रमतात, असा निदान माझा तरी अनुभव.

कागदाचा त्रास नाही असं नाही. मोठ्या बॅचला टेबलं पुरत नाहीत, पंख्याखाली स्टिकी उडतात, आणि नोकरी करून शिकायला आलेल्यांना सुरुवातीला हा पोरखेळ वाटतो. तुमची बॅच तशी असेल आणि हाताशी शनिवार-रविवारच असेल, तर मीही कदाचित थेट लॅपटॉपच उघडायला सांगेन. महिना-दीड महिना असेल तर मात्र पहिले दोन आठवडे लॅपटॉप बॅगेतच राहू द्या.