ट्रायपॉड घ्यावा की अँकर फ्रेम? आधी तोंड केवढं ते मोजा

सोलापूर भागात माणूस दोराने वर काढायची वेळ येते ती दोन तऱ्हेच्या जागी. एक अरुंद तोंडाची: ड्रेनेजचं चेंबर, साखर कारखान्याची टाकी, चिंचोळी एमआयडीसीतला सांडपाण्याचा खड्डा. दुसरी शेतातली विहीर: तोंड पंचवीस-तीस फूट, कड मुरमाची, कठडा असला तर असला. ट्रायपॉड घ्यावा की सुटे भाग जोडून हवी तशी उभारता येणारी अँकर फ्रेम, हे ठरवताना माझा पहिला प्रश्न एकच असतो: तुमच्याकडचं काम यातलं कोणतं?

चेंबरवर ट्रायपॉडला तोड नाही. ॲल्युमिनियमचे तीन पाय, साधारण ७ फूट उंची, पाय फाकू नयेत म्हणून खालून साखळी, एका पायावर विंच, म्हणजे हँडल फिरवून तार गुंडाळायचं यंत्र. दोघं जण काही मिनिटांत उभा करतात. कामगार हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) घालून, विंचची तार अडकवून उतरला आणि खाली भोवळ आली, तर वरच्याने हँडल फिरवायचं. दुसऱ्याला आत जायची गरज नाही. एकाला काढायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा, आणि वायूने तिघंही जातात, अशा बातम्या आपण वाचतोच. सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. मृत्यू झाल्यास ३० लाखांची भरपाई, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलंय. त्यापुढे ट्रायपॉडची किंमत किरकोळ.

पण त्याची सगळी ताकद भार तीन पायांच्या मधोमध असेपर्यंतच. ट्रायपॉडच्या डोक्यावरच्या पुलीतून दोर आडवा काढून लांब उभ्या माणसांकडे दिला की गणित बिघडतं. १०० किलोचा भार, दोर काटकोनात वळवलेला, तर डोक्यावर सुमारे १४० किलोचा ताण येतो, तोही ४५ अंशांत तिरका. ट्रायपॉड ओढणाऱ्यांच्या अंगावर येणार. उपाय सोपा आहे. दोर पायालगत खाली आणून तळाच्या पुलीतून बाहेर काढायचा. दुसरी अडचण उंचीची. चेंबरमधून स्ट्रेचर उभंच काढावं लागतं. ते सहा फुटांचं, वर पट्टे, गाठ, पुली. सात फुटांत हे सगळं मावत नाही आणि स्ट्रेचरचं खालचं टोक तोंडातच अडकून राहतं.

आता विहीर. ट्रायपॉडचे पाय पंचवीस फुटांच्या तोंडावर पुरणार कुठून? कडेवर नुसता उभा केला तर भार पायांच्या बाहेर, म्हणजे पहिल्याच ओढीला तो विहिरीत. इथं हवी दोन पायांची ए-फ्रेम, विहिरीकडे किंचित झुकलेली, पुढून-मागून दोरांनी ताणलेली. जुन्या मोटेचं चाक असंच कडेच्या पुढे असायचं आणि बैल धावेवर मागे ओढायचे, रचना तीच. भाराचा दोर आणि ओढीचा दोर यांच्यातल्या कोनाचा दुभाजक जिथून जातो, त्या रेषेत फ्रेमचे पाय हवेत. चेंबरवर ट्रायपॉड स्वतःच अँकर, म्हणजे दोराचा पक्का आधार, असतो. विहिरीवरची फ्रेम फक्त उंची देते, अँकर मागे वेगळा. उंची मिळाली की दोर कडेच्या दगडावर घासत नाही आणि स्ट्रेचर काठाखाली अडकत नाही. एवढ्यासाठीच तर हा खटाटोप.

ॲरिझोना व्हॉर्टेक्स, टेराॲडॅप्टर या जातीच्या फ्रेम ट्रायपॉड, ए-फ्रेम किंवा एकखांबी अशा तिन्ही तऱ्हांनी उभ्या राहतात. ऐकायला छान. पण सगळा संच ३० किलोच्या पुढे, किंमत ट्रायपॉडच्या कितीतरी पट, आणि एकखांबी उभारणीला चहूबाजूंनी ताणाचे दोर लागतात. सराव नसलेल्या पथकाने तिच्या वाटेला जाऊ नये.

खरा घोळ अँकरचा. काळ्या रानात झाड सापडेलच असं नाही. पावसानंतर तर एकेकटी पहार लोण्यात सुरी घुसावी तशी हलते; तीन पहारी एकामागे एक ठोकून एकमेकींना बांधल्या तर काही भरवसा. ट्रॅक्टर चालतो, पण गिअरमध्ये, चाकांना दगड लावून आणि चावी पथकप्रमुखाच्या खिशात. फ्रेमच्या पायाखाली फळी हवीच, नाहीतर मुरूम ढासळतो.

गावात यारी आधीच उभी असते, मग तिनेच काढू, असं लोक म्हणणारच. ती गाळ-मुरूम उपसायची. तिची तार, तिचा ब्रेक माणसासाठी नाही. दुसरा पर्यायच नसेल तर वेगळ्या अँकरवरून हाताने सोडलेला सुरक्षेचा दोर माणसाला लावल्याशिवाय इंजिन सुरू करू देऊ नका. विहिरीच्या तळाशी डिझेल पंप चालला असेल, तर हवा तपासल्याशिवाय कुणी उतरायचंच नाही.

कारखाना, पालिका, सोसायटी असाल तर ट्रायपॉड घ्या. विंच माणसासाठी प्रमाणित आहे का आणि ट्रायपॉडवर ईएन ७९५ टाइप बी (हलवता येणाऱ्या अँकरचं युरोपीय मानक) लिहिलंय का, ते बघा. माल उचलायची विंच स्वस्तात मिळते, ती नको. मोहोळ, सांगोला, मंगळवेढा भागात विहिरींवर धावणाऱ्या पथकाने फ्रेम घ्यावी, पण पैशांचे दोन भाग करून: एक फ्रेमला, दुसरा दोर, पुल्या, पहारी आणि प्रशिक्षणाला. दोन्ही भाग जमत नसतील तर यंदा फ्रेम राहू द्या. कडेवर घालायचे रोलर, दोन चांगले स्टॅटिक (फारसे न ताणणारे) दोर आणि दर महिन्याला खऱ्या विहिरीवर सराव, एवढ्यावर काम चालतं.