रोहू-कटल्याला काय टोचायचं: पिट्युटरी की तयार संप्रेरक?

रोहू, कटला, मृगल तळ्यात वाढतात, मादीच्या पोटात अंडीही भरतात, पण साचलेल्या पाण्यात ती सोडत नाहीत. 1957 साली हिरालाल चौधरी आणि अलिकुन्ही यांनी माशाच्याच पीयूषिका ग्रंथीचा, म्हणजे पिट्युटरीचा, अर्क टोचून भारतीय कार्पची, म्हणजे याच जातीच्या माशांची, अंडी मिळवली. आज नवं मत्स्यबीज केंद्र काढणाऱ्यापुढे हा अर्क आणि ओव्हाप्रिम, ओव्हाटाइडसारखी तयार औषधं असे दोन पर्याय असतात.

दोन्हींचं काम वेगळं आहे. अर्कात संप्रेरक तयारच असतं, ते थेट अंडाशयावर चालतं. ओव्हाप्रिम माशाच्या स्वतःच्या पिट्युटरीला ते सोडायला लावतं. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये सामन माशाच्या संप्रेरकाचं कृत्रिम रूप 20 मायक्रोग्रॅम आणि डोम्पेरिडोन 10 मिलिग्रॅम असतं. डोपामिन हे मेंदूतलं द्रव्य पिट्युटरीला संप्रेरक सोडण्यापासून रोखतं; डोम्पेरिडोन हा अडथळा दूर करतं. ओव्हाटाइडमध्ये त्या जागी पिमोझाइड असतं.

दोन-दोन किलोच्या 5 रोहू माद्या आणि एक-एक किलोचे 10 नर धरून हिशेब करू. ओव्हाप्रिम मादीला किलोमागे 0.35 मिली आणि नराला 0.15 मिली, म्हणजे साडेतीन अधिक दीड, एकूण 5 मिली. 10 मिलीच्या बाटलीतून निम्मं औषध लागलं. संध्याकाळी नर-मादीला एकदाच टोचायचं, पहाटेपर्यंत हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत, अंडी दिसतात. कटल्याला मात्र 0.4 ते 0.5 मिली धरा, मृगलाला 0.25 ते 0.3 पुरतं.

याच माशांना पिट्युटरी द्यायची तर मादीला आधी किलोमागे 2 मिलिग्रॅम आणि सहा तासांनी 6 मिलिग्रॅम. नराला 2 मिलिग्रॅम एकदाच, मादीच्या दुसऱ्या डोसाबरोबर. एकूण 100 मिलिग्रॅम ग्रंथी लागली. अल्कोहोलमध्ये टिकवलेली ग्रंथी बाहेर काढून टिपकागदावर सुकवायची, वजन करायची, ऊर्ध्वपातित पाण्यात खलायची आणि गाळ खाली बसू द्यायचा. वरचं निवळ पाणी तेवढंच सिरिंजमध्ये घ्यायचं. घाईत गाळ आला की सुई तुंबते आणि कुणाला किती गेलं याचा पत्ता राहत नाही. शिवाय त्याच मादीला रात्रीतून दोनदा जाळ्यात धरावं लागतं. खवले निघतात, मासे दमतात, कधी दगावतात.

ग्रंथीची ताकद ती कोणत्या माशाची आणि कधी काढली यावर ठरते. अंडी घालून मोकळ्या झालेल्या किंवा शिळ्या माशाची ग्रंथी वजनाला भरते, कामाला येत नाही. बाटलीतल्या औषधाचं प्रमाण ठरलेलं असतं. खात्रीचा पुरवठा आणि सरावलेला हात नसेल तर ग्रंथीच्या वाटेला जाऊ नका. स्वस्त वाटणारी ग्रंथी एक रात्र वाया गेली की महाग पडते.

तयार औषधातही चुका होतात. ओव्हाप्रिम दाट असतं. सिरिंज भराभर ओढली की हवेचे बुडबुडे शिरतात आणि डोस कमी पडतो, म्हणून सावकाश भरायचं. सुई पाठीचा पर आणि पार्श्वरेषा (अंगाच्या बाजूने जाणारी रेघ) यांच्या मधल्या मांसात, खवल्याखालून तिरकी घालायची. काढल्यावर जागा अंगठ्याने थोडा वेळ दाबून धरायची, नाहीतर औषध बाहेर झिरपतं. ‘जरा जास्तच देऊ’ हा मोह सर्वांत वाईट. जास्त डोसाने अंडी फुगून वाट तुंबते आणि मादी मरते.

कच्च्या मादीवर दोन्ही पर्याय फसतात. पोट मऊ, फुगीर आणि जननद्वार गुलाबी, सुजलेलं हवं. नराचा छातीचा पर आतून खरखरीत लागतो आणि पोट हलकं दाबलं की पांढरं दूध येतं. ही लक्षणं नसतील तर बाटली उघडूच नका, मासा परत तळ्यात सोडा.

गवत्या (ग्रास कार्प) आणि चंदेऱ्या (सिल्व्हर कार्प) माशाला तयार औषध किलोमागे 0.4 ते 0.7 मिली लागतं, आणि अंडी बहुधा हाताने काढावी लागतात. त्यासाठी पहाटे माणूस हजर ठेवा. उशीर झाला तर अंडी पोटातच खराब होतात.