डुकाटी १०९८ : चोपड्यातले अकरा महिने

डुकाटी १०९८ ही इटलीची मोटरसायकल, आणि चोपडा हे जळगाव जिल्ह्यातलं आमचं गाव. आधी गाडीच्या क्लचचं सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. क्लच दाबून उभं राहिलं की उजव्या बाजूने खडखड सुरू होते, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखी. पहिल्याच आठवड्यात स्टँडजवळच्या मिस्त्रीने कान लावला आणि निकाल दिला, "भो, तुन्ही क्लचप्लेट गयी." गेलेली नव्हती. या गाडीचा क्लच कोरडा आहे, आपल्या गाड्यांसारखा ऑइलमध्ये बुडालेला नाही. लिव्हर दाबला की प्लेटा सुट्या होतात आणि एकमेकींवर वाजतात. हे त्याला तीनदा समजावलं. तो अजूनही माझ्याकडे कीव आल्यासारखा बघतो.

गाडी २००८ ची. गेल्या वर्षी पोळ्याच्या आठवडाभर आधी पुण्याहून आणली. पंधरा वर्षांची मुदत संपल्यावर आधीच्या मालकाने फेरनोंदणी करून ठेवली होती, म्हणून धाडस केलं. नंबर एमएच १२ चाच राहिलाय, त्यामुळे गावात कुणाकडे तरी पाहुणे आलेत असाच समज होतो. पोळ्याला घरच्या नानांनी बैलांना ओवाळलं, उरलेला गुलाल टाकीवर लावला आणि विचारलं, "ही किती खाते?" लिटरला चौदा किलोमीटर, तेही शांत चालवली तर. नाना बैलांकडे वळले.

माझा धंदा पाण्याच्या मोटरींचं वाइंडिंग भरायचा. त्यामुळे १६० हॉर्सपॉवर हा आकडा ऐकल्यावर डोक्यात गणित झालं ते असं : विहिरीवरची मोटर पाच हॉर्सपॉवरची, म्हणजे ३२ विहिरी एकदम चालू. आणि एवढं सगळं तेल-पाणी सोडून १७३ किलोच्या गाडीत. इंजिन भरतं १०९९ सीसी, नाव मात्र १०९८. आमच्याकडे दोन एकराचे सव्वादोन सांगायची पद्धत, यांनी उलट एक सीसी कमी सांगितला!

या इंजिनातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट बाहेरून दिसत नाही. साध्या इंजिनात कॅम, म्हणजे फिरता उंचवटा, व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोल आत आणि धूर बाहेर सोडणारी झडप) उघडतो आणि स्प्रिंग तो मिटवते. इंजिन फार वेगात फिरायला लागलं की स्प्रिंग मागे पडते. इथे व्हॉल्व्ह मिटवायलाही वेगळा रॉकर, म्हणजे छोटी दांडी आहे, ती ओढूनच मिटवते. फाबियो तालिओनी नावाच्या त्यांच्या इंजिनियरने १९५६ मध्ये १२५ सीसीच्या रेसच्या गाडीला ही योजना बसवली. पुढे कितीतरी इंजिनं बदलली, तरी ही पद्धत त्यांनी अनेक दशकं जपली; अलीकडच्या काही इंजिनांत मात्र स्प्रिंगच आहे. दोन सिलिंडर ९० अंशांत, पुढचा जवळजवळ आडवा. स्फोट समान अंतराने होत नाहीत, म्हणून आवाज एकसुरी नाही. धड-धड, मग जरा थांबून पुन्हा धड-धड. बिघडलेली बेअरिंग मी दारातून ओळखतो, पण हा आवाज ऐकताना कान दोष शोधायचं विसरतात.

आता गैरसोयी. गावात ती चालवू नये. हँडल फार वळत नाही, गल्लीत वळवताना टाकी आणि हँडल यांच्यात अंगठा चेमटतो. आरशात स्वतःची कोपरं दिसतात. मनगटांवर सगळा भार. चार हजार आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) खाली इंजिन कुरकुरतं, चेनला झटके बसतात. शाळा सुटल्यावरच्या गर्दीत तर नकोच.

आणि ऊन. सायलेन्सर सीटखाली आहेत, मागच्या सिलिंडरचा पाइप मांडीजवळून वर जातो. इटलीच्या हवेत ती ऊब सुखाची वाटत असेल. मे महिन्यात एका लग्नाला दुपारी बाराला जळगावला गेलो, ही सर्वस्वी माझी चूक. पारा पंचेचाळिसाच्या पुढे, वरातीमागे गाडी अडकली, इंजिन थंड करणारा पंखा बंद व्हायचं नाव घेईना. मांडव गाठला तेव्हा मांडीवर भाकरी भाजता आली असती. त्यानंतर पाऊस पडेपर्यंत गाडी खोलीतच. बॅटरीला चार्जर लावून ठेवला होता, उंदरांचा विचार केला नव्हता. दोन वायरी कुरतडल्या. त्या मीच जोडल्या, तेवढं तर येतंच.

सर्व्हिसिंगचं मात्र लिहिलंच पाहिजे. व्हॉल्व्हची तपासणी १२,००० किलोमीटरला, आणि टायमिंगचे, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारे, दोन रबरी बेल्ट गाडी उभी असली तरी वयाप्रमाणे बदलावे लागतात. बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, मग हिशेब लाखांत. एका मोठ्या शहरातल्या गॅरेजने बेल्ट बदलल्याचं बिल दिलं. घरी आणून कव्हर उघडलं तर जाण्याआधी मी लावलेला पांढऱ्या पेंटचा ठिपका बेल्टवर जसाच्या तसा. काम दुसऱ्याकडे देताना खूण करायची आमच्या धंद्यातली सवय कामी आली. दुसऱ्यांदा मी तिथे स्टूल टाकून समोर बसलो.

मग ठेवली कशाला? जानेवारीतल्या एका सकाळसाठी. साडेपाचला निघालो, शिरपूर, शहादा, आणि मग तोरणमाळचा घाट. बोटं गारठलेली, आणि तेव्हा मांडीजवळची तीच आग देवासारखी वाटली. घाटात ही गाडी वेगळीच होते. गावातला तिचा हट्टीपणा जातो. वळणाच्या आधी ब्रेकला एक बोट पुरतं, पुढचं चाक रस्त्यावर कसं बसलंय हे तळहातात कळतं. आत झुकवली की ती रेघेवरून हलत नाही, आणि वळण उलगडताना सहा हजारांच्या वर गेलं की मागून कुणीतरी जोराने ढकलल्यासारखं होतं. मी ओरडलो, हेल्मेटमध्ये, बेचाळिसाव्या वर्षी. वेग फार नव्हता, त्या घाटात शेळ्या असतात. वर यशवंत तलावाशी चहा घेतला. हात थरथरत होते, त्यातलं थंडीमुळे किती आणि गाडीमुळे किती, सांगता येणार नाही.

अशा सकाळी वर्षात वीस-पंचवीस मिळतात, दिवाळीपासून होळीपर्यंत. म्हणजे आमच्याकडे ही गाडी रब्बीचं पीक आहे. खरिपात चिखल, उन्हाळ्यात वर सांगितलं ते. रोज वापरायला हवी असेल त्याने घेऊ नये. हात काळे करायची आवड नसेल त्याने तर मुळीच नाही.

परवा धुळ्याचा एक जण दुकानात आला. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "भो, इकनी शे का?" म्हणजे, विकायची आहे का? मी तोंड उघडायच्या आत ओट्यावरून नाना म्हणाले, "पोया हुई जाऊ दे." पोळा होऊन जाऊ दे.