डॉमिनोचे शब्द इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये : भाषांतराचं ॲप आठ महिने वापरल्यावर

मायामीला लागून असलेल्या हायलीआत आम्ही राहतो. इथे दुकानापासून दवाखान्यापर्यंत आधी स्पॅनिश कानावर पडते, इंग्रजी नंतर. वस्तीतल्या ज्येष्ठांच्या केंद्रात मी आठवड्यातून दोन संध्याकाळी मदतीला जाते. आठ महिन्यांपूर्वी तिथे डॉमिनोचे, म्हणजे दोन्ही टोकांना ठिपक्यांचे आकडे असलेल्या सोंगट्या एकमेकींना जोडत जाण्याच्या खेळाचे, नवे संच आले, सोबत नियमांचं पत्रक, तेही फक्त इंग्रजीत. हवानाच्या, म्हणजे क्यूबाच्या राजधानीच्या, एका आजोबांनी ते माझ्या हातात दिलं. ‘मिहा, हे आमच्या भाषेत करून दे.’ मिहा म्हणजे ‘बाळ, पोरी’. नाही कसं म्हणणार? माझं स्पॅनिश कामापुरतं, म्हणून फोनवर भाषांतराचं ॲप घेतलं आणि महिन्याभराने पैसेही भरले. त्याचं नाव लिहीत नाही, कारण नंतर आणखी दोन ॲप तपासली आणि चुका जवळपास त्याच निघाल्या.

सगळ्यात मोठी चूक मला दिसलीच नव्हती. इंग्रजीत होतं की जो आधी ‘आउट’ होईल, म्हणजे ज्याच्या सोंगट्या आधी संपतील, तो जिंकला. ॲपने ‘बाहेर पडणे’ या अर्थाचं क्रियापद दिलं, ‘सालिर’. व्याकरण चोख. मी छापून भिंतीवर लावलं. पण डॉमिनोच्या टेबलावर ‘सालिर’ म्हणजे डावाची पहिली सोंगटी टाकणं, आपण पत्त्यांत उतारी म्हणतो ते. म्हणजे भिंतीवर लिहिलेलं होतं, ‘ज्याची उतारी, तो जिंकला.’ सांतो दोमिंगोच्या, म्हणजे डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या राजधानीच्या, आजींनी पत्रक मोठ्याने वाचलं, उतारीची सोंगटी टेबलावर ठेवली आणि हात झटकून म्हणाल्या, ‘झालं, जिंकले मी.’ मग मी शब्द बदलून ‘आसेर दोमिनो’, म्हणजे डॉमिनो करणं, असं लिहिलं. ते सगळ्यांना कळलं. हवानाचे आजोबा मात्र सोंगट्या संपल्या की अजूनही ‘मे पेगे’च म्हणतात.

एकटे शब्द टाकले की ॲप आणखी गडबडतं. सोंगटी उचलणं या अर्थाच्या ‘ड्रॉ’चं चित्र काढणं झालं, टेबलावर त्याला ‘रोबार’ म्हणतात, शब्दशः चोरणं. चारही बाजूंनी जोडता येणाऱ्या दुहेरी सोंगटीला, म्हणजे दोन्ही टोकांना एकच आकडा असलेलीला, इंग्रजीत ‘स्पिनर’ म्हणतात, त्याचा सूत कातणारा झाला. वाटून उरलेल्या, उचलायच्या सोंगट्यांच्या ढिगाला ‘बोनयार्ड’ म्हणतात, त्याची हाडांची स्मशानभूमी झाली. ऐंशीच्या पुढच्या माणसांसमोर तो शब्द वाचताना मला फार वाईट वाटलं.

आता ‘बोनयार्ड’चं बरोबर स्पॅनिश काय? स्पेनमध्ये ‘पोसो’, म्हणजे विहीर, चालतं. पण हवानाच्या पद्धतीत हा शब्द लागतच नाही, आणि हे कळायला मला दोन महिने गेले. तिथे संच दुहेरी नऊपर्यंतचा, 55 सोंगट्यांचा. चौघे खेळतात, दोघं-दोघं भिडू, प्रत्येकाला 10 सोंगट्या. उरलेल्या 15 उपड्या राहतात आणि डाव संपेपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. त्यांना म्हणतात ‘दोर्मीदास’, झोपलेल्या. सांतो दोमिंगोत दुहेरी सहापर्यंतचा संच, 28 सोंगट्या, चौघांना सात-सात, मागे काहीच उरत नाही. तिथे प्रत्येक आकड्याच्या सात सोंगट्या कुणा ना कुणाच्या हातात असतातच, त्यामुळे मुरलेला खेळाडू मोजून सांगू शकतो की पाच कुणाकडे अडकलाय. हवानाच्या डावात प्रत्येक आकडा 10 सोंगट्यांवर असतो आणि त्यातल्या किती झोपल्यात हे कुणालाच माहीत नसतं. तेव्हा पत्रकातलं ‘चाल मिळेपर्यंत उचलत राहा’ हे वाक्य दोन्ही टेबलांसाठी निरुपयोगी होतं. मी ते भाषांतरातून काढूनच टाकलं.

उलट दिशेने, म्हणजे टेबलावरचं बोलणं समजून घ्यायला, ॲप ऐकत ठेवलं की वेगळीच अडचण. सोंगट्यांच्या खडखडाटात त्याला निम्मं ऐकूच येत नाही, आणि ऐकलं तरी अर्थ लागत नाही. डाव संपला की आजोबा म्हणतात, ‘दाले आग्वा.’ ॲप सांगतं, ‘त्याला पाणी दे.’ तेवढ्यात आजोबांचे दोन्ही तळवे उपड्या सोंगट्यांवर गोल गोल फिरायला लागलेले असतात. आपण पत्ते पिसतो तेच हे, फक्त क्यूबात त्याला पाणी देणं म्हणतात. आमच्याकडचे मेक्सिकोचे काका त्यालाच ‘सोपा’, म्हणजे सूप करणं म्हणतात. दुहेरी सोंगटी त्यांच्याकडे ‘मूला’, खेचर. आणि समोरच्याची दुहेरी टाकायला जागाच उरू दिली नाही की ते खेचराला फाशी दिलं असं म्हणतात. आकड्यांचंही तसंच. आजोबा आठ टाकताना ‘ओचोआ’ म्हणतात, जे एक आडनाव आहे, आणि नऊ टाकताना ‘नुएव्हितास, पुएर्तो दे मार’, जे क्यूबातलं एक बंदर. ॲपने इमानेइतबारे आडनाव आणि बंदर लिहून दिलं. आठ-नऊ आकडे कुठेच नाहीत.

‘कापिकुआ’ शब्द तर इंग्रजी पत्रकात नव्हताच. मूळ कॅटलान, अर्थ डोकं आणि शेपूट. ॲपने अर्थ दिला, दोन्हीकडून सारखी वाचली जाणारी संख्या. कोशाप्रमाणे बरोबर आहे. पण टेबलावर कापिकुआ म्हणजे शेवटची सोंगटी दोन्ही टोकांना बसत असताना ती टाकून जिंकणं. आजींकडे त्याचे जादा गुण मिळतात, आणि अशी सोंगटी त्या ठेवत नाहीत, आपटतात.

मग पैसे वाया गेले का? नाही. क्रियापदांची रूपं, अनेकवचनं आणि पूर्ण वाक्यं यांत ॲपने मला खूप सांभाळून घेतलं. ‘गुण मोजा’, ‘डाव अडला तर ज्याच्या हातात कमी ठिपके तो जिंकला’ ही वाक्यं जवळजवळ तशीच वापरता आली. फक्त अडलेल्या डावाला ‘ब्लोकेआदो’च्या जागी ‘त्रांकादो’ केलं. उच्चार ऐकवण्याची सोय उत्तम, फोटोवरून वाचणंही चांगलं. शब्द साठवायच्या यादीत स्वतःचा अर्थ लिहिता येतो, ते मला सर्वांत जास्त उपयोगी पडलं. पाचपैकी तीन तारे देते. देश निवडायची सोय आहे, पण ती उच्चारापुरती. हवाना निवडलं म्हणून शब्द हवानाचे येत नाहीत. ही त्रुटी मी कळवली आहे.

कॅरिबियनमध्ये म्हणतात की डॉमिनो एका मुक्या माणसाने शोधून काढला, म्हणून डाव चालू असताना भिडूशी बोलायचं नाही. त्यामुळे माझे सगळे प्रश्न दोन डावांच्या मधे, सोंगट्यांना पाणी देण्याच्या त्या मिनिटभरात विचारावे लागतात. भिंतीवरचं पत्रक आता तीन रकान्यांचं आहे : हवाना, सांतो दोमिंगो, मेक्सिको. मेक्सिकोच्या रकान्यात अजून चार जागा रिकाम्या आहेत. काका गुरुवारी येतात.